हार्लन कुठे बघतोय

लिंड, ४ एप्रिल १९९३

प्रिय आर्डिथ,

हे पत्र बसून वाच. यंदा गव्हाची कापणी उरकली आणि सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीची गर्दी ओसरली की आम्ही तुझ्या रानातल्या कँपात येतोय, आणि आमचं चाकांवरचं घर, ते मोटरहोम, मी चालवणार आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. तुझा भाऊ हार्लन शेजारी बसून रेडिओ लावेल, थर्मासमधली कॉफी ओतेल आणि वळणावळणाला उपदेश करेल. इतकी वर्षं हे मी केलं, आता त्याची पाळी. वाटही ठरवून टाकली आहे. सिएटलच्या रहदारीत मला शिरायचं नाही, म्हणून यॅकिमावरून जाऊन व्हाइट पासचा घाट उतरायचा, एक मुक्काम घाटाखाली, एक ॲबर्डीनला, आणि मग समुद्राच्या कडेकडेने वर तुझ्याकडे. छताच्या फटींना नवा लेप दिलाय. आमच्याकडे वर्षभरात पडतो तेवढा पाऊस तुमच्याकडे एका दुपारी पडतो, आणि मागच्या खेपेला तो सगळा माझ्या उशीवर पडला होता.

जागा आम्हाला ओढ्याकाठचीच हवी, त्या दोन थोराड मेपलांच्या मधली, जिथे शेवाळाच्या झिपऱ्या पार खिडकीपर्यंत लोंबतात ती. लग्नानंतर हार्लनने मला पहिल्यांदा तिथेच आणलं होतं, तेव्हा नुसता तंबू होता. त्याला पुन्हा तिथेच बसायचंय. संडासाजवळची सोयीची जागा मला दाखवू नकोस.

सोबत फोटो पाठवतेय. शेजारच्या इनेझने काढलाय. किल्ल्या माझ्या हातात आहेत, तेवढं नीट बघ.

हार्लन बरा आहे. तुझं मागचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. अस्वलाने पाहुण्यांचा केक पळवला तिथे तो इतका हसला की मला वाचायचं थांबावं लागलं.

तुझी,
व्हर्ना

&nbsp;

फोर्क्स, १९ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

बसूनच वाचलं आणि बरं झालं बसले होते.

अगं, स्पोकेनच्या औषधवाल्याची लेक सून होऊन आमच्या अंगणात आली तेव्हा मळणीयंत्र सुरू झालेलं ऐकून घरात पळाली होती. ती मी डोळ्यांनी बघितली आहे. ती आता मोटरहोम घेऊन घाट उतरणार म्हणते. हार्लन शाळेत होता तेव्हापासून गव्हाचा ट्रक हाकतोय. त्याच्या हातातून स्टिअरिंग काढून घ्यायचं तुला सुचलं कसं, हा एक प्रश्न. त्याने दिलं कसं, हा त्याहून मोठा.

फोटो नीट बघितला. किल्ल्यांच्या आधी मला दुसरंच दिसलं. तू कॅमेऱ्यासमोर बत्तीशी दाखवत उभी आहेस आणि माझा भाऊ तुझ्या अगदी जवळ उभा असूनही तोंड फिरवून धान्याच्या कोठाराकडे बघतोय. भांडलात का? आणि माझं पत्र त्याला वाचून का दाखवावं लागतं? पूर्वी माझ्या पत्राला त्याच्या हाताच्या दोन ओळी तरी यायच्या. दोन वर्षांत एकही आलेली नाही. घरात सगळंच तुझ्या हाती गेलंय असं दिसतंय.

आता कामाचं. याही उन्हाळ्यात स्प्रूस बेंडचा कँप सांभाळायला मीच आहे. मे महिन्यात माझा ट्रेलर फाटकाशी नेऊन लावीन तो पावसाळी थंडी सुरू होईपर्यंत. तिथे एकवीस फुटांहून लांब गाडी आत जात नाही. वळणावर झाडं आहेत आणि ती झाडं अमेरिका व्हायच्या आधीपासूनची आहेत, ती बाजूला होणार नाहीत. तुमच्या गाडीच्या अंगावर भला मोठा २१ रंगवलाय आणि हार्लन तिला जन्मभर 'आमची एकवीस' म्हणत आलाय. तो कंपनीने दिलेला मॉडेलचा नंबर आहे गं, लांबी नव्हे. दर उन्हाळ्यात चांगले शहाणेसुरते पुरुष त्या आकड्यावर हात ठेवून माझ्याशी हुज्जत घालतात. गेल्या वर्षी मी आमच्या पाद्र्याला माघारी पाठवला. पुढच्या बंपरपासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंत टेप लावा, शिडीसकट. जास्त भरली तर हमरस्त्यावर मोठा कँप आहे, तिथे नळ आहेत, वीज आहे, सपाट जागा आहे. तुला तिथेच सोपं जाईल.

तुझी,
आर्डिथ

&nbsp;

लिंड, १० मे

प्रिय आर्डिथ,

टेप लावला. तुझं बरोबर निघालं, याचा तुला आनंद होणार म्हणून पहिल्याच ओळीत लिहून मोकळी होते. आमची एकवीस ही एकवीस नाही. पण नुसतं अंगच मोजलं तर जेमतेम बसते. जास्त होतंय ते मागच्या शिडीने आणि मागे टांगलेल्या स्टेपनीने. हार्लनला हे ऐकून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पाना घेऊन मागे गेला आणि शिडीचा एकेक बोल्ट हाताने चाचपत काढला. स्टेपनी आता जेवायच्या टेबलाखाली आहे. तू जेवायला आलीस की पाय तिच्यावर ठेव.

हमरस्त्यावरच्या कँपात मी जाणार नाही. सवलत मागत नाही, तुझा टेप आण आणि मोज.

मळणीयंत्राला घाबरलेल्या मुलीबद्दल. ती घाबरली होती हे खरं. पुढच्याच सुगीत ती धान्याचा ट्रक घेऊन गहू साठवायच्या एलिव्हेटरवर रांगेत उभी होती, ते तू बघितलं नाहीस, कारण तोवर तू लाकूडतोड्याशी लग्न करून डोंगरापलीकडे गेली होतीस. सध्या रोज संध्याकाळी मी अंगणात पेंढ्याचे गठ्ठे एकावर एक रचते. ते तुझे मेपल. त्यांच्या मधून गाडी रिव्हर्स घ्यायची. पहिल्या आठवड्यात मी इतके मेपल पाडले की तुझ्या सरकारने मला तुरुंगात टाकलं असतं. आता क्वचित पडतात. हार्लन बाजूला उभा राहून हात वर करतो, खाली करतो. इनेझ कुंपणावर टेकून फुकटचा खेळ बघते.

फोटोत तो कोठाराकडे बघत होता, कारण त्याला तिकडे बघायचं होतं. आम्ही भांडलो नाही. घरात काय कोणाच्या हाती आहे ते घरातल्यांना ठाऊक आहे.

व्हर्ना

&nbsp;

स्प्रूस बेंड, २ जून

व्हर्ना,

तुझ्या पत्राखाली 'तुझी' नव्हतं, ते वाचलं.

फाटकाशी येऊन बसले आहे. इथे फोन नाही, म्हणून गावात गेले तेव्हा दुकानातून तुमच्याकडे फोन केला. तू बाहेर होतीस. हार्लन छान बोलला. पाऊस किती झाला विचारलं, ओढ्याला पाणी किती, मेपलाला शेवाळ किती. मी सरळ विचारलं, 'गाडी तिने का घेतली?' तर म्हणाला, 'ती चांगली चालवते.' मी म्हटलं, 'हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.' तर म्हणाला, 'तुझ्या रानात हकलबेरी पिकल्या का?' जूनमध्ये! त्या पिकतात ऑगस्टात. माझ्याच भावाने मला अशी टोलवावी?

मी तुला एक सांगते आणि हे मी आजवर कोणाला बोलले नाही. आमच्या टोलेफसन घराण्यातल्या पुरुषाने तोंड फिरवलं की त्याचा अर्थ काय ते मला पक्कं ठाऊक आहे. आमचे बाबा तसेच होते. शेवटच्या काही वर्षांत ते माझ्याशी बोलायचे ते खिडकीकडे बघून. माझ्या लग्नाच्या दिवशी मी पांढरा झगा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, 'बाबा, कशी दिसते?' ते म्हणाले, 'छान दिसतेस पोरी,' आणि पूर्ण वेळ कोठाराकडे बघत राहिले. फोटोग्राफरने दोनदा सांगितलं, समोर बघा. बघितलं नाही. मी शेतकरी सोडून लाकूडतोड्या केला हे त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि तोंडाने बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यामुळे तुझा फोटो बघितला तेव्हा मला बाबाच दिसले. तेच कोठार आणि तीच मान.

हार्लन मनातून दुखावलाय. तुझ्याशी भांडायचं नाही म्हणून गप्प बसलाय. तू त्याला फरफटत इथे आणलंस, सगळ्या कँपासमोर तू गाडी लावायला घेतलीस आणि तो बाजूला उभा राहिला, तर त्याला काय वाटेल याचा विचार केलास? इथे संध्याकाळी दुसरी करमणूक नसते. नवी गाडी आली की सगळे घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात आणि ती रिव्हर्स कशी लागते ते बघतात. तू झाडाला लागलीस की कोणीतरी उठून हार्लनला म्हणेलच, 'अहो, तुम्हीच घ्या ना.' आणि तो काय म्हणेल?

त्यापेक्षा असं कर. त्याला बसमध्ये बसवून दे. मी ॲबर्डीनहून घेऊन येते. आठ दिवस माझ्याकडे राहील.

तुझी,
आर्डिथ

&nbsp;

लिंड, ११ जुलै

प्रिय आर्डिथ,

तुझं पत्र महिनाभर टेबलावर पडून होतं. हार्लनला वाचून दाखवताना मी बाबांचा सगळा मजकूर गाळला. नुसती बसची गोष्ट वाचली. तो म्हणाला, 'एवढं मोठं पत्र आणि त्यात एवढंच?' त्याला पानं मोजता येतात. शेवटी परवा मी सगळं वाचलं. ऐकून झाल्यावर त्याने पानं माझ्या हातून घेऊन त्यांची घडी केली. मग म्हणाला, 'सांग तिला.' तोवर मला सांगायची बंदी होती.

हार्लनचे डोळे जातायत. दोन वर्षं झाली. एकदम काळोख होत नाही, मधोमध डाग पडतो. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं आणि कडेकडेचं तेवढं राहतं. अक्षर वाचायला गेला की अक्षर जातं. माझ्या तोंडाकडे बघितलं की माझं तोंड जातं. म्हणून तो बाजूला बघतो. कोठाराकडे मान केली की डोळ्याच्या कोपऱ्यात मी येते. इनेझने फोटो काढला तेव्हा तो कोठाराकडे बघत नव्हता गं. किल्ल्या घेतलेली बायको कशी दिसते ते बघत होता.

आता मला त्याची इतकी सवय झाली आहे की तो सरळ माझ्याकडे तोंड करून बसला तर मी समजते, याचं लक्ष नाही. गाडी रिव्हर्स घेताना आरशात त्याचं तोंड तिसरीकडेच वळलेलं दिसलं की मला धीर येतो.

डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात चालतं, वडिलांना होतं का? हार्लन म्हणाला, माहीत नाही, आमचे वडील डॉक्टरकडे जाणारे नव्हते. मग घरी येताना गाडीत तो एकदम म्हणाला, 'बाबा शेवटी शेवटी पेरणीच्या ओळी मला धरायला सांगायचे. स्वतः ट्रॅक्टरवर बसायचे नाहीत. मला वाटायचं मला शिकवतायत.' यापुढचं मी लिहीत नाही. तुझं तू जुळवून घे.

तो मनातून दुखावलेला नाही. त्याला फक्त एका गोष्टीची धास्ती आहे आणि ती तू बरोबर ओळखलीस. कोणीतरी उठून म्हणणार, 'तुम्हीच घ्या ना,' आणि त्याला चारचौघांत सांगावं लागणार की मला दिसत नाही. मग माणसं हळू आवाजात बोलायला लागतात, हाताला धरून चालवायला लागतात. त्याला ते नकोय. तुझ्यासमोर तर नकोच. म्हणून मला ती गाडी त्या दोन झाडांमध्ये लावायची आहे, कोणालाही खुर्चीतून उठावं लागणार नाही अशी. आणि यंदाच लावायची आहे. डाग वाढतोय. यंदा त्याला कडेने का होईना पानं पानं दिसतात. पुढल्या वर्षी कदाचित नुसता हिरवा रंग दिसेल.

खाली त्याने स्वतः लिहिलंय.

तुझी,
व्हर्ना

*आर्डिथ, ओळी एकमेकींवर चढल्या असतील, हसू नकोस. आजाऱ्यासाठी करतात तसं सूप घेऊन डोंगर ओलांडू नकोस. बस मला नको, मला माझी ड्रायव्हर आहे. हार्लन*

&nbsp;

स्प्रूस बेंड, ८ ऑगस्ट

प्रिय व्हर्ना,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसले आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. शेवटी ठरवलं की थोडकंच लिहायचं.

बाबांबद्दल: मी रडले. ट्रेलरचं दार लावून रडले, आणि मग बाहेर जाऊन शेकोट्यांची राख उपसली, कारण सकाळची वेळ होती आणि काम होतं. इतकी वर्षं मी एका मानेचा उलटा अर्थ लावून बसले. आता ते नाहीत आणि त्यांना विचारता येत नाही. पण मला उत्तर मिळालंय असं वाटतं. तू ते पत्र गाळून न वाचता सगळं वाचलंस म्हणून मिळालं.

तुझ्याबद्दल: मी जे जे बोलले ते परत घेते. मळणीयंत्राचं सोडून. ते खरं आहे.

आता नियम ऐक. मी टेप लावीन. एक बोट जरी जास्त भरलं तरी परत पाठवीन, पाद्र्याला पाठवला तशी. मेपलांमधली जागा राखून ठेवायला मला परवानगी नाही, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी ये, सकाळी लवकर निघून ये. आणि तू गाडी लावत असताना मी पुढे येणार नाही. हात दाखवणार नाही, ओरडणार नाही, झाड आलं म्हणून सांगणार नाही. बाकीच्यांबरोबर खुर्ची टाकून बसेन. मी मदतीला धावले की सगळा कँप धावेल.

सूप करत नाही. लेफ्से, आपली ती बटाट्याची पातळ पोळी, लाटून ठेवते. ती हार्लनला न बघताही खाता येते.

तुझी,
आर्डिथ

&nbsp;

(पोस्टकार्ड)

ॲबर्डीन, १४ सप्टेंबर

आर्डिथ, हे कार्ड बहुधा माझ्यामागून पोचेल. घाट उतरले. मागे गाड्यांची ही रांग लागली होती, दोघांनी भोंगे वाजवले. हार्लनने खिडकीतून हात काढून त्यांना राजासारखा सलाम केला. उद्या तुझ्या फाटकात. टेप धुऊन ठेव. व्हर्ना

&nbsp;

फोर्क्स, ९ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

कँप बंद करून घरी आले. इथे धो धो चाललंय.

हे पत्र तू हार्लनला मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगते की यातलं काही गाळायचं नाही. गाळलंस तर त्याला कळेल. तुझ्या मागे काय चाललं होतं ते तू बघितलं नाहीस, तू आरशात गुंतली होतीस. ते तुला कोणीतरी सांगायला हवं. आठ दिवस आपण एका शेकोटीशी बसलो तरी मी ते सांगितलं नाही, कारण तोंडाने सांगायला लागले असते तर मधेच माझा आवाज गेला असता.

टेपचं तुला ठाऊक आहे. बसली. दोन बोटं उरली. मी टेप गुंडाळला तेव्हा हार्लन म्हणाला, 'म्हणजे आता ती खरी एकवीस झाली,' आणि तू पुढे गेलीस.

मी ठरल्याप्रमाणे खुर्ची टाकली. माझ्या एका बाजूला ते ओरेगनचं जोडपं आणि दुसरीकडे तो लाल टोपीवाला, ज्याने आदल्या दिवशी स्वतःची गाडी लावताना हातपंपाचा खांब वाकवला होता. हार्लन ओढ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तू गाडी पुढे घेतलीस, तिरकी केलीस आणि रिव्हर्स टाकलास. त्याने मान वळवली, पार ओढ्याकडे.

लाल टोपीवाला म्हणाला, 'बघा बघा, बिचाऱ्याला बघवत नाहीये. तोंड फिरवलं त्याने.' सगळे हसले. ओरेगनवाली म्हणाली, 'माझ्या नवऱ्याने तर डोळे मिटले असते.'

व्हर्ना, मला तोंडाळ म्हणतात ते उगीच नाही. कोणालाही उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही. त्या दिवशी मी नुसती त्याच्या मानेकडे बघत राहिले. तो पाण्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याचा हात मात्र तुझ्या मागच्या चाकाबरोबर इंच इंच हलत होता. चाक जरा डावीकडे गेलं, हात डावीकडे गेला. त्या सबंध कँपात इतकं निरखून कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मग तू मधेच थांबलीस. गाडी बंद केलीस, खाली उतरलीस, मागे जाऊन ती खाली आलेली फांदी बघितलीस, बुंध्याला हात लावलास, पुन्हा चढलीस आणि गाडी पुढे काढलीस. लाल टोपीवाल्याला तेवढंच हवं होतं. तो उठला. मी त्याची बाही धरणार होते, पण मी शब्द दिला होता. तो सरळ हार्लनपाशी गेला आणि म्हणाला, 'अहो, तिची दमछाक कशाला करता? तुम्हीच घ्या ना.'

हे आपण पत्रात लिहिलं होतं, अगदी याच शब्दांत.

हार्लन ओढ्याकडेच तोंड ठेवून म्हणाला, 'ती उतरून बघून आली, पाहिलंत? तुम्ही काल उतरला असतात तर खांब उभा असता. बसा आता, मधे उभे राहिलात तर मला ती दिसायची नाही.'

लाल टोपी परत येऊन खुर्चीत बसली. पुढे तू आत घुसलीस ते सगळ्यांनी बघितलं. झिपऱ्या टपावरून घासत गेल्या, पाणी सांडलं, आणि गाडी त्या दोन मेपलांमध्ये जाऊन अशी उभी राहिली जशी ती तिथेच वाढली असावी. ओरेगनवाल्याने टाळ्या वाजवल्या. लाल टोपीवाल्यानेही वाजवल्या, हे त्याच्याबद्दल बरं सांगायला हवं.

तू ब्रेक लावत होतीस तेवढ्यात मी हार्लनजवळ गेले. त्याने विचारलं, 'आर्डिथ, उजवा आरसा फांदीखालून सुटला का?'

मी म्हटलं, 'सुटला.'

'न घासता?'

'न घासता. हातभर वाट ठेवून.'

'हं. मला दिसलं ते.'

'मग विचारलंस कशाला?'

'तुझ्या तोंडून ऐकायचं होतं,' तो म्हणाला.

तेव्हा आता त्याने तुझ्या तोंडून ऐकावं. मोठ्याने वाच. अडखळलीस तर पुन्हा सुरुवातीपासून वाच. मी, आर्डिथ, टोलेफसनांची थोरली लेक, इतके उन्हाळे त्या फाटकाशी बसून शेकडो गाड्या लागताना बघितल्या. माझ्या भावजयीने लावली तशी कोणी लावली नाही. आमच्या घराने तिला आणली हे आमच्या घराचं नशीब, आणि हे मी तिला लग्नाच्या दिवशीच सांगायला हवं होतं.

झालं. आता पाणी पी.

आणखी एकच. तुम्ही कँपातून निघताना मी तुमच्या दोघांचा फोटो काढला होता, तो धुऊन आला. तू किल्ल्या घेऊन उभी आहेस आणि हार्लन ओढ्याकडे बघतोय. मग मी पेटीतून माझ्या लग्नाचा फोटो काढला, पांढऱ्या झग्यातला, आणि बाबा कोठाराकडे बघतायत तो. इतकी वर्षं मी तो पालथा ठेवला होता. आता दोन्ही फ्रीजवर शेजारी शेजारी लावलेत.

काल पाद्री कॉफीला आला होता. मी परत पाठवला होता तोच, राग धरून नाही बिचारा. फ्रीजसमोर उभा राहून म्हणाला, 'आर्डिथ, तुमच्या घरातल्या पुरुषांचं काही बिनसलंय का? कोणीच समोर बघत नाही.'

मी म्हटलं, 'नाही हो. हा बायकोकडे बघतोय, आणि हे लेकीकडे.'

तुझी,
आर्डिथ